डीएफ म्हणते डिस्क भरली, डीयू म्हणते जागा आहे: फरक शोधायचा कसा

नाशिकला अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये, पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, गंगापूर रोडच्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये, हल्ली कुठे ना कुठे एखादं लिनक्स मशीन चालू असतंच. ते सांभाळायचं काम बहुतेक वेळा ऑफिसातल्या सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. महिनोन्महिने काही होत नाही. मग एके दिवशी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा एरर येतो, बिलिंग थांबतं, मालक मागे येऊन उभे राहतात, आणि तपासायला जावं तर डिस्कवर किती जागा उरली हे सांगणारी डीएफ ही कमांड एक आकडा दाखवते, फोल्डरांनी किती जागा घेतली हे सांगणारी डीयू दुसराच.

अशा वेळी सांगणं एकच: दोन आकड्यांत फरक का आहे हे कळेपर्यंत काहीही डिलीट करू नका. मोठी दिसली म्हणून उडवलेली फाइल डेटाबेसचीही असू शकते, आणि टर्मिनलवरून उडवलेल्या फाइलला रिसायकल बिन नसते. कारण शोधायला साधारण अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ मागून घ्या.

कमांडविषयी एक सूचना. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत, शब्द मधे न तोडता, पण दोन शब्दांमधली मोकळी जागा तशीच ठेवून टाइप करायच्या. डीएफ म्हणजे डी आणि एफ, डीयू म्हणजे डी आणि यू. सगळी अक्षरं लहान; मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. आकडेही अर्थात इंग्रजीच.

कोणती कमांड कशाचं उत्तर देते

या दोन्ही कमांड १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत, आणि तेव्हापासून त्यांची कामं वेगळी आहेत. डीएफ थेट फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला विचारते: तुझे एकूण ब्लॉक (जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) किती, मोकळे किती? फाइलसिस्टिमकडे ही नोंद तयारच असते, म्हणून उत्तर क्षणात येतं. डीयू तसं करत नाही. तुम्ही दिलेल्या फोल्डरात ती शिरते, त्यातल्या प्रत्येक फाइलची नोंद वाचते, त्या फाइलने किती ब्लॉक अडवलेत ते बघते आणि बेरीज करत पुढे जाते. लाखो फाइली असल्या तर तिला बराच वेळ लागतो.

म्हणजे डीएफ सातबारा वाचते आणि डीयू शेतात उतरून मोजणी करते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, आणि फरक पडला तर त्याला ठोस कारण असतं. ते कारण कुठे शोधायचं हे फरकाच्या दिशेवरून कळतं. डीएफचा आकडा मोठा असेल, तर जागा खाणारं असं काहीतरी आहे जे डीयूला दिसत नाही. डीयूचा आकडा मोठा असेल, तर डीयू त्या डिस्कवर नसलेलं काहीतरी मोजतेय किंवा एकच गोष्ट दोनदा धरतेय. आणि दोन्हीकडे जागा दिसत असूनही एरर येत असेल, तर संपलंय ते वेगळंच काहीतरी.

पायरी १: नक्की कोणती डिस्क भरली ते बघा

नुसतं डीएफ मारलं की पंधरा-वीस ओळींची जंत्री येते आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. त्यापेक्षा ज्या फोल्डरात अडचण आहे त्याचाच पत्ता द्या:

डीएफ -एचटी /व्हार/लॉग

यातला टी मोठा. एच म्हणजे आकडे जीबी-एमबीत दाखव, टी म्हणजे फाइलसिस्टिमचा प्रकारही सांग. उत्तर एकाच ओळीचं येतं आणि हे फोल्डर प्रत्यक्षात कोणत्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) आहे ते स्पष्ट होतं.

पूर्ण जंत्री बघायचीच असेल तर काही ओळींकडे दुर्लक्ष करायला शिका. उबंटूवर स्नॅपची ॲप असतील तर 'लूप' नावाच्या ओळी कायम १०० टक्के भरलेल्या दिसतात. त्या फक्त वाचता येणाऱ्या, दाबून बंद केलेल्या प्रतिमा आहेत. त्यांत मोकळी जागा नसतेच आणि असायचं कारणही नाही. 'टीएमपीएफएस' या ओळी रॅममधल्या असतात, डिस्कशी त्यांचा संबंध नाही. डॉकर (ॲप वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत चालवायचं सॉफ्टवेअर) चालू असेल तर 'ओव्हरले' नावाच्या ओळी येतात आणि प्रत्येकीपुढे मूळ डिस्कचाच आकडा पुन्हा पुन्हा छापलेला असतो. पाच कंटेनर म्हणजे पाच डिस्क नव्हेत.

आता एक नमुना जवळून पाहू. समजा ओळ अशी आली:

/डेव्ह/एसडीए२ – ईएक्सटी४ – एकूण ९८ जीबी – वापरलेली ९३ जीबी – उपलब्ध ० – १०० टक्के

९८ वजा ९३ म्हणजे ५ उरायला हवेत, इथे तर शून्य. ही चूक नाही. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम तयार होताना ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. डिस्क काठोकाठ भरली तरी सिस्टिमच्या सेवा चालू राहाव्यात आणि रूटला आत येऊन साफसफाई करता यावी यासाठी ती सोय आहे. टक्केवारीही वापरलेली आणि उपलब्ध यांच्या बेरजेवर काढलेली असते, एकूण आकड्यावर नाही.

ज्या पार्टिशनवर सिस्टिम आहे तिथली ही राखीव जागा मी कधीच कमी करत नाही. पण नुसता डेटा ठेवायच्या ४ टीबी डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० जीबी होतात आणि तिथे ते विनाकारण अडकलेले असतात. अशा डिस्कसाठी:

सुडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी१

सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालव. राखीव जागा एका टक्क्यावर येते, डेटाला धक्का लागत नाही. 'एसडीबी१' च्या जागी तुमच्या डिस्कचं नाव घाला, आणि एंटर मारण्याआधी ते दोनदा वाचा.

पायरी २: डीयू नीट चालवा

आकडे न जुळण्याच्या कितीतरी तक्रारी डीयू अर्धवट चालवल्यामुळे येतात. सवय लावायची ती या ओळीची:

सुडो डीयू -एक्सएचडी १ / | सॉर्ट -एच

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. सुडो नसेल तर ज्या फोल्डरांत तुम्हाला प्रवेश नाही ती डीयू मोजत नाही. 'परमिशन डिनाइड' अशा ओळी येतात, आपण त्या वर सरकवून देतो आणि खाली आलेली बेरीज खरी मानतो. डेटाबेस, डॉकर, लॉग, सगळं अशाच बंद फोल्डरांत असतं, त्यामुळे फरक थोडाथोडका नसतो.

एक्स म्हणजे याच फाइलसिस्टिमवर राहा. तो दिला नाही तर डीयू वाटेत लागलेल्या पेन ड्राइव्हमध्ये, नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरात, कुठेही शिरते आणि सगळं एकाच बेरजेत टाकते. डीयूचा आकडा डिस्कच्या एकूण क्षमतेपेक्षाही मोठा आला तर आधी हाच एक्स राहिलाय का ते बघा. डी १ म्हणजे एकच पातळी खाली जाऊन यादी दे. जे फोल्डर मोठं दिसेल त्यात उतरून हीच ओळ पुन्हा चालवायची.

शेवटचा सॉर्ट -एच महत्त्वाचा आहे. पुष्कळ जण सॉर्ट -एन लावतात. तो फक्त आकडा बघतो, एकक बघत नाही. त्याच्या हिशेबी ८०० केबी हे ९ जीबीपेक्षा मोठे. खरा गुन्हेगार मग यादीच्या मधेच कुठेतरी दडून बसतो.

आणखी एक सवय सोडायला हवी, ती म्हणजे डीयू -एसएच आणि पुढे तारा. तारा टिंबाने सुरू होणारी नावं धरत नाही. कॅशेचं फोल्डर, गिटचं फोल्डर, होममधल्या कितीतरी लपलेल्या वस्तू टिंबानेच सुरू होतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तर सोर्स कोड दोन एमबीचा आणि गिटचं फोल्डर दोन जीबीचं असं सर्रास दिसतं. वर दिलेली ओळ लपलेली फोल्डरही मोजते.

यादीतले आकडे हाताने बेरीज करून शेवटच्या आकड्याशी जुळवत बसू नका. लिनक्सवरची डीयू -एच देताना आकडा वरच्या बाजूला पूर्ण करते. १० एमबीपेक्षा जरा जास्त असेल तरी ११ दाखवते. वीस ओळींत असा थोडा थोडा फरक साचतो.

डीएफचा आकडा मोठा: डिलीट केलेली पण अजून उघडी फाइल

माझ्या अनुभवात सर्व्हरवर सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण हे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

वरच्याच डिस्कवर डीएफ ९३ जीबी वापर दाखवते आणि नीट चालवलेली डीयू ६१ जीबी. बत्तीस जीबी बेपत्ता. चौकशी केली की हमखास कळतं की कालच कोणीतरी एक भलीमोठी लॉग फाइल आरएम करून उडवली होती, आणि तरी जागा काही सुटली नाही.

लिनक्समध्ये आरएम फाइल पुसत नाही, फोल्डरातलं तिचं नाव काढते. फाइलचं शेवटचं नाव गेलं आणि कोणत्याही चालू प्रोग्रामने ती उघडून धरलेली नसली, की मगच फाइलसिस्टिम तिचे ब्लॉक मोकळे करते. वेब सर्व्हर किंवा जावाचं ॲप त्या लॉगमध्ये अजून लिहीत असेल तर फाइल जिवंत असते, वाढतही असते, फक्त तिला नाव नसतं. डीयू नावांच्या मागे चालते, म्हणून तिला ती सापडत नाही. डीएफ ब्लॉक मोजते, म्हणून तिच्या हिशेबात ती असते.

शोधायची कमांड:

सुडो एलएसओएफ +एल१

इथला एल मोठा. ज्या उघड्या फाइलींच्या नावांची संख्या एकपेक्षा कमी, म्हणजे शून्य आहे, अशांची यादी येते. ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' असं लिहिलेलं असतं. चार रकाने बघायचे: प्रोग्रामचं नाव, त्याचा पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), एफडी (त्याने उघडलेल्या फाइलचा क्रमांक) आणि साइझ. समजा पीआयडी १८४२, एफडीच्या रकान्यात ७डब्ल्यू (डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली), आणि साइझमध्ये ३४ वर नऊ आकडे. ३४ अब्ज बाइट म्हणजे साधारण ३२ जीबी. बेपत्ता जागा सापडली.

सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे ती सेवा रीस्टार्ट करणं. प्रोग्राम बंद झाला की त्याने धरलेली फाइल सुटते आणि जागा लगेच मोकळी होते. पण दुपारी बाराला, लिलावाच्या किंवा डिस्पॅचच्या ऐन वेळी रीस्टार्ट करता येत नसेल, तर त्या उघड्या फाइलचीच लांबी शून्य करता येते:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/१८४२/एफडी/७

हे फक्त लॉगच्या बाबतीत करायचं, आणि ओळीतलं जुनं नाव वाचून ती लॉगच आहे अशी खात्री पटल्यावरच. डेटाबेसही आपल्या तात्पुरत्या फाइली अशाच, नाव काढून, मुद्दाम उघड्या ठेवतो. त्यांना हात लावायचा नाही.

पुढे असं होऊ नये म्हणून चालू लॉग आरएम करायची नाही, ट्रंकेट करायची. कायमचा उपाय म्हणजे लॉगरोटेट, जुन्या लॉग ठरावीक काळाने बाजूला करणारं साधन. त्यात कॉपीट्रंकेट हा पर्याय असतो, नाहीतर लॉग फिरवल्यावर प्रोग्रामला नवी फाइल उघडायला सांगायची सोय असते. दुसरी पद्धत जास्त चांगली, कारण कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवू शकतात. कधी कधी ट्रंकेट केल्यावर एक विचित्र दृश्य दिसतं: एलएस फाइल पुन्हा ३२ जीबीची दाखवते, डीयू मात्र काही केबी. प्रोग्रामने फाइल जोडून लिहिण्याच्या पद्धतीने उघडलेली नसते, म्हणून तो जुन्याच जागेवरून पुढे लिहितो आणि आधीचा भाग पोकळ राहतो. जागा खरंच सुटलेली असते, काळजी नको.

डीएफचा आकडा मोठा: माउंटखाली दबलेला डेटा

एलएसओएफमध्ये काही सापडलं नाही तर हे बघा. समजा रोज रात्री बॅकअप यूएसबी ड्राइव्हवर जातो आणि ती ड्राइव्ह /एमएनटी/बॅकअप इथे माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरातून दिसायला लागते. एका रात्री लाइट जाऊन येते. सर्व्हर चालू होतो, पण ड्राइव्ह माउंट होत नाही. /एमएनटी/बॅकअप हे फोल्डर मात्र जागेवर असतंच. स्क्रिप्टला कळत नाही, ती तिथेच बॅकअप टाकते, म्हणजे थेट सिस्टिमच्या डिस्कवर. सकाळी कोणीतरी ड्राइव्ह माउंट करतं आणि तो सगळा डेटा तिच्याखाली झाकला जातो. डीयूला वरची ड्राइव्ह दिसते, खालचं काही दिसत नाही. डिस्क मात्र भरलेली.

झाकण न काढता खाली डोकावता येतं:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
सुडो डीयू -एक्सएचडी १ /एमएनटी/मूळ/एमएनटी

फोल्डराचं नाव तुम्ही काहीही द्या. बाइंड माउंटमध्ये मूळ डिस्क तिच्यावर बसलेल्या ड्राइव्हशिवाय दिसते. तिथे जुना बॅकअप सापडला तर तो खऱ्या ड्राइव्हवर आहे का ते पडताळा, मगच काढा, आणि काम झालं की यूमाउंट करा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १ अशी ओळ लावून ठेवली, म्हणजे ड्राइव्ह नसेल तर स्क्रिप्ट पुढेच जात नाही. ही एक ओळ प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टमध्ये असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

दोन्हीकडे जागा आहे, तरी एरर: आयनोड संपले

हे प्रकरण आपल्या भागात जास्त कळीचं आहे, कारण इथे सेन्सर फार. कोल्ड स्टोरेज आणि प्रीकूलिंगच्या खोल्यांत तापमान नोंदवणारी यंत्रं असतात, आणि स्वस्तात लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल करतं.

हिशेब करून बघा. वीस सेन्सर, दर मिनिटाला एक फाइल. एका सेन्सरच्या दिवसाला १,४४० फाइली, वीस सेन्सरच्या २८,८००. प्रत्येक फाइलला, ती कितीही छोटी असो, एक आयनोड लागतो. आयनोड म्हणजे फाइलची नोंद ठेवायची जागा. ईएक्सटी४ ही नोंदीची जागा डिस्क फॉरमॅट करतानाच ठरवून टाकते, एरवी दर १६ केबीमागे एक. ६४ जीबीच्या पार्टिशनवर साधारण ४२ लाख आयनोड होतात. रोज २८,८०० या गतीने ते १४५ दिवसांत संपतात. द्राक्षाचा हंगाम सुरू होताना बसवलेली यंत्रणा उन्हाळा संपता संपता बंद पडते आणि कोणाला कारण कळत नाही.

कारण त्या वेळी डीएफ -एच काय दाखवते? प्रत्येक नोंद साठ-सत्तर बाइटची असली तरी फाइल किमान ४ केबीचा एक ब्लॉक अडवते. ४२ लाख गुणिले ४ केबी म्हणजे १६ जीबी. ६४ पैकी १६, जेमतेम पंचवीस टक्के. डिस्क तीन चतुर्थांश रिकामी आणि नवी फाइल मात्र तयार होत नाही.

तपासायचं असं:

डीएफ -आय

हा आय लहान. आययूज% या रकान्यात १०० दिसलं की निदान पक्कं. फाइली कुठे साचल्यात ते शोधायला:

सुडो डीयू --आयनोड्स -एक्सडी १ / | सॉर्ट -एन

इथे एकक नसल्याने सॉर्ट -एन चालतो. फोल्डर सापडलं की आरएम आणि तारा लावायला जाऊ नका. लाखो नावं एका ओळीत मावत नाहीत आणि 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' असा एरर येतो. फाइंड वापरा. आधी फक्त यादी पाहा:

फाइंड /डेटा/तापमान -टाइप एफ -एमटाइम +९० -प्रिंट | हेड

नव्वद दिवसांपूर्वीच्या फाइली बरोबर येतात असं दिसलं, की हेडचा भाग काढून -प्रिंट ऐवजी -डिलीट. पण निर्यातीच्या मालाच्या तापमानाच्या नोंदी ऑडिटमध्ये मागितल्या जातात, हे विसरू नका. आधी त्या एकत्र बांधून दुसरीकडे ठेवा, मालकांना विचारा, मग डिलीट करा. आणि सॉफ्टवेअर करणाऱ्याला सांगा की एका दिवसाची, एका सेन्सरची एक फाइल कर. वीस सेन्सर, दिवसाला वीस फाइली. खरा उपाय तोच. एकदा फॉरमॅट झालेल्या ईएक्सटी४ वर त्याच आकारात आयनोड वाढवता येत नाहीत. एक्सएफएस फाइलसिस्टिम ते लागतील तसे तयार करते, म्हणून नवी डिस्क लावताना हा विचार करायला हरकत नाही.

डीयूचा आकडा मोठा, किंवा एलएस आणि डीयू जुळत नाहीत

एक्स राहिला असेल तर काय होतं ते वर आलंच. दुसरं मोठं कारण म्हणजे हार्ड लिंक, एकाच फाइलला असलेली एकाहून जास्त नावं. आरसिंक या कॉपी करायच्या साधनाने रोजचा बॅकअप घेताना न बदललेल्या फाइली पुन्हा कॉपी न करता जुन्याच फाइलला नवं नाव देता येतं. सात दिवसांची सात फोल्डर असतात. एकेका फोल्डरावर वेगवेगळी डीयू चालवली तर प्रत्येक ४० जीबी दाखवते, सातांची बेरीज २८० होते, आणि डिस्कवर प्रत्यक्षात ४५ जीबीच गेलेले असतात. सातही एकाच कमांडमध्ये दिली तर डीयू प्रत्येक फाइल एकदाच धरते आणि खरा आकडा देते. त्यामुळेच जुनं एक फोल्डर उडवलं की ४० जीबी सुटतील ही आशा खोटी ठरते. सुटतात ते फक्त त्या एका दिवसाचे बदल.

एलएस -एल फाइलची लांबी दाखवते, डीयू तिने अडवलेली जागा. छोट्या फाइलींत डीयू मोठी दिसते, पोकळ फाइलींत एलएस. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली बहुधा पोकळ असतात. स्वतः करून बघा:

ट्रंकेट -एस १०जी चाचणी.आयएमजी

जी मोठा. एलएस -एलएच १० जीबी सांगेल, डीयू -एच शून्य. डीयूलाच लांबी विचारायची असेल तर --ॲपरंट-साइझ हा पर्याय आहे. अशी फाइल दुसरीकडे पाठवताना आरसिंकला मोठा एस द्या, नाहीतर पलीकडे ती खरोखरच्या दहा जीबीची होऊन बसते.

एककांचा घोळही इथेच सांगून टाकतो. एमजी रोडच्या दुकानातून आणलेल्या ५०० जीबीच्या एसएसडीवर डीएफ -एच ४६५ च्या आसपास किंवा त्याहून थोडं कमी दाखवते ते डिस्क खोटी आहे म्हणून नव्हे. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, डीएफ -एच १०२४ च्या पटीत. मोठा एच दिला की डीएफही हजाराच्या पटीत मोजते. फॉरमॅट केल्यावर फाइलसिस्टिम स्वतःसाठी आणखी थोडी जागा घेते, ती वेगळी.

कारण नाही, नुसताच पसारा

कधी आकडे जुळतात आणि डिस्क खरंच भरलेली असते. तेव्हा दोन ठिकाणं आधी बघा. सिस्टिमचा जर्नल, म्हणजे तिने स्वतः ठेवलेला लॉग:

जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज

आणि तो मोठा असेल तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम, सुडो लावून, एम मोठा. डॉकर असेल तर डॉकर सिस्टिम डीएफ. प्रतिमा, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅशे यांनी किती जागा घेतली ते ती वेगवेगळं सांगते. डॉकरच्या फोल्डरात डीयू चालवून निष्कर्ष काढू नका, ओव्हरलेमुळे एकच थर दोनदा मोजला जातो. डॉकर एरवी कंटेनरच्या लॉगवर मर्यादा घालत नाही, ती मॅक्स-साइझ या पर्यायाने आपण घालायची. साफसफाईची प्रून कमांड चालवताना --व्हॉल्यूम्स हा शब्द समजून-उमजूनच लावा; डेटाबेसचा डेटा व्हॉल्यूममध्येच असतो.

फेडोरा किंवा ओपनसूसे वापरत असाल तर फाइलसिस्टिम बहुधा बीटीआरएफएस असते. तिथे स्नॅपशॉट (फाइलींच्या जुन्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) जुने ब्लॉक धरून ठेवतात आणि फाइली उडवूनही जागा सुटत नाही. डीएफऐवजी सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज / हे विचारा.

मॅकवर नुसती डीयू ५१२ बाइटच्या एककात उत्तर देते, म्हणून आकडा लिनक्सच्या दुप्पट दिसतो. -एच किंवा -के लावला की प्रश्न मिटतो. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलवर डीएफ जवळपास १ टीबी दाखवते, लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची असली तरी. तो आभासी डिस्कचा वरचा आकडा आहे, खरी जागा सी ड्राइव्हवर बघायची. आत फाइली उडवल्या तरी ती आभासी डिस्कची फाइल आपोआप लहान होत नाही.

तरीही सुटलं नाही तर

एखाद्या अनुभवी दादाला किंवा ताईला विचारायची वेळ आली तर 'डिस्क फुल दाखवतंय, काय करू' एवढंच पाठवू नका. डीएफ -एचटी, डीएफ -आय, सुडो लावून चालवलेली डीयू -एक्सएचडी १ आणि एलएसओएफ +एल१, या चारही कमांडचं उत्तर जसंच्या तसं, एररच्या ओळींसकट कॉपी करून पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात रकाने कापले जातात. सोबत शेवटच्या दोन दिवसांत कोणी काय डिलीट केलं, लाइट गेली होती का, नवीन काय बसवलं, हे दोन ओळींत लिहा. आणि उत्तर येईपर्यंत मशीन बंद-चालू करू नका, कारण रीस्टार्ट झालं की उघड्या फाइली सुटतात, डिस्क मोकळी दिसते आणि कोणत्या प्रोग्रामने ती भरली होती याचा पुरावाच जातो.